तोलेदो एका दिवसात: माद्रिदहून जाऊन येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

माद्रिदला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. पुण्या-ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तोलेदोला किती वेळा गेलो, याचा हिशेब ठेवलेला नाही. प्रश्न मात्र पाठ झालेत. आतेबहिणीचा, मित्राच्या सासऱ्यांचा, हनिमूनला आलेल्या पोरांचा, सगळ्यांचे तेच. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलं.

टोलेडो की तोलेदो?

तोलेदो. त आणि द, दोन्ही दंत्य. नदी ताखो, भर गावातला चौक थोकोदोबेर. या चौकाचं नाव अरबी आहे. मूळचं 'सूक अद्-दवाब्ब', म्हणजे गुरांचा बाजार. नदीवरच्या जुन्या पुलाला 'पुएन्ते दे अल्कान्तारा' म्हणतात. अरबीत 'अल-कन्तरा' म्हणजेच पूल, तेव्हा हा झाला 'पुलाचा पूल'. आपल्या पिवळ्या पीतांबराचा स्पॅनिश भाऊ.

एका दिवसात होतं का?

होतं, पण सगळं नाही. तीन बाजूंनी नदीचा वेढा असलेल्या या टेकडीवर बघण्यासारख्या जागा पंधरा-वीस तरी निघतील. यादी घेऊन निघालात की दुपारी तीनपर्यंत सगळी चर्चं एकमेकांत मिसळतात आणि रात्री फोटो बघताना 'हे कुठलं?' सुरू होतं. माझ्या पाहुण्यांना मी चारच जागा देतो: कॅथेड्रल, सांतो तोमे चर्चमधलं एक चित्र, दोन जुन्या सिनेगॉगांपैकी (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांपैकी) निदान एक, आणि ९९९ सालची एक इवलीशी मशीद. बाकीचा वेळ गल्ल्यांसाठी. माझ्यावर कंजूषपणाचा आरोप झालेला आहे, पण परत गेल्यावर 'आणखी दोन चर्चं दाखवायला हवी होतीस' असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

रेल्वे की बस?

वेळ वाचवायचा तर रेल्वे. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून 'आवान्त' गाडी पस्तीसेक मिनिटांत पोचवते. आसनं आरक्षित असतात आणि शनिवार-रविवारच्या सकाळच्या गाड्या लवकर भरतात, म्हणून जातानाचं आणि येतानाचं अशी दोन्ही तिकिटं आधीच काढा. आतोचाला सामान एक्स-रेतून जातं, त्यामुळे गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी धावत येणं इथे चालत नाही. माझा एक मित्र दादरची सवय घेऊन आला आणि त्याने काचेपलीकडून गाडी जाताना पाहिली.

पैसे वाचवायचे तर बस. प्लाथा एलिप्तिका या मेट्रो स्टेशनखालच्या स्थानकातून बस वरचेवर सुटतात, आरक्षणाची कटकट नसते आणि तास-दीड तास लागतो. रेल्वेने गेलात तर तोलेदोचं स्टेशन जरा निरखून बघा. १९१९ साली उघडलेली ही इमारत मुद्दाम जुन्या मुदेहार, म्हणजे ख्रिस्ती राजवटीतल्या मुसलमानी धाटणीच्या, वळणाची बांधली आहे. विटांच्या नक्षीदार कमानी, आत रंगीत काचा. अनेक जण तिला पाठ दाखवूनच टॅक्सी पकडतात.

चढ फार आहे म्हणे. आईचे गुडघे दुखतात, जमेल का?

चढ आहेच, आणि तोही दगडगोट्यांच्या फरसबंदीचा. पण उलटा विचार करा: वाहनाने वर जायचं आणि पायी खाली यायचं. स्टेशनवरून गावची बस किंवा टॅक्सी थेट थोकोदोबेरला नेते. बसस्थानकाकडून येणाऱ्यांसाठी साफोंतचे सरकते जिने आहेत. तटबंदीच्या बाजूला रेकारेदोचे सरकते जिनेही आहेत, ते २००० साली झाले. डोंगराच्या पोटात इतक्या बेमालूम बसवलेत की खालून दिसतसुद्धा नाहीत. थोकोदोबेरपासून कॅथेड्रल, तिथून सांतो तोमे, पुढे ज्यू मोहल्ला, शेवटी सान मार्तीन पूल, हा रस्ता बराचसा उताराचा आहे. गुडघ्यांना उतारही सोसत नसेल तर काठी असू द्या. बूट मात्र जाड तळव्याचेच. साडी चालेल, कोल्हापुरी नको.

कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी?

जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दगड रात्रीपर्यंत तापलेले असतात. आपण नागपूरचे असलो तरी सुट्टीत ते कशाला? एप्रिल-मे आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर उत्तम.

वाराचं म्हणाल तर सोमवारी चित्रकार एल ग्रेकोचं संग्रहालय आणि त्रान्सितो सिनेगॉग बंद. रविवारी कॅथेड्रल पर्यटकांसाठी दुपारनंतरच उघडतं. शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी ती दोन सरकारी संग्रहालयं फुकट, म्हणून गर्दीही तशीच. माझं मत विचाराल तर मंगळवार ते गुरुवार.

कॉर्पस क्रिस्ती हा ख्रिस्ती सण मे-जूनमध्ये येतो. तेव्हा गल्ल्यांवर छतासारखी कापडं ताणलेली असतात आणि रस्त्यावर थाइमच्या काड्या अंथरलेल्या. पायाखाली त्या चुरडल्या की गल्लीभर वास सुटतो. मिरवणुकीत कॅथेड्रलची 'कुस्तोदिया' निघते. एन्रिके दे आर्फे या सोनाराने १५१७ ते १५२४ या काळात घडवलेला हा सोन्या-चांदीचा मनोरा, हजारो सुटे भाग स्क्रूंनी जोडलेला. आपल्याकडच्या पालखीची आठवण न येणारा मराठी माणूस मी तरी पाहिला नाही.

मनगटावर बांधायची पट्टी घ्यावी का?

सात स्मारकांना मिळून एक पट्टी मिळते. त्यांत सांतो तोमे, सांता मारिया ला ब्लांका, सान हुआन दे लोस रेयेस मठ आणि क्रिस्तो दे ला लूथ मशीद येतात. तीन-चार ठिकाणी जाणार असाल तर सुटी तिकिटं काढण्यापेक्षा ती परवडते. कॅथेड्रल तिच्यात नाही, त्याचं तिकीट वेगळं. पट्टी काढून दुसऱ्याच्या हातावर चढवता येत नाही. हो, हाही प्रश्न आपल्याच लोकांनी विचारलेला आहे.

युरोपात रोज चर्चच बघतोय. या कॅथेड्रलमध्ये वेगळं काय?

कंटाळा समजू शकतो. म्हणून आत शिरल्यावर सगळं बघू नका, तीन गोष्टी बघा.

पहिली, 'त्रान्सपारेन्ते'. १२२६ साली बांधायला घेतलेली ही गॉथिक वास्तू आतून अंधारी. मुख्य वेदीच्या मागच्या बाजूला उजेड पोचेना, म्हणून नार्सिसो तोमे या कलावंताने १७२९ ते १७३२ या काळात सरळ वरच्या कमानीला भगदाड पाडलं. त्या भोकाच्या कडेने देवदूत, संत, ढग असे बसवले की खालून बघताना छत फाटून स्वर्ग आत ओसंडतोय असं वाटावं. ऊन असताना जा. कवडसा संगमरवरावरून सरकताना दिसतो. काहींना हा प्रकार भडक वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: छतावरून लोंबणाऱ्या लाल टोप्या. प्रत्येक टोपी एका कार्डिनलची, बरोबर त्याच्या थडग्याच्या वर टांगलेली. रिवाज असा की ती कुजून आपोआप खाली पडेपर्यंत हात लावायचा नाही.

तिसरी, वस्त्रागारातलं एल ग्रेकोचं 'एल एस्पोलियो'. ख्रिस्ताचे कपडे उतरवतानाचा क्षण, मधोमध लालभडक झगा. चित्र पूर्ण झालं १५७९ साली आणि लगेच पैशांवरून भांडण. धर्मगुरूंची तक्रार अशी की गर्दीतली डोकी ख्रिस्ताच्या डोक्याहून वर कशी, आणि मेरी मंडळी या प्रसंगात आलीच कुठून? ग्रेकोला कमी पैशांवर समाधान मानावं लागलं. डोकी मात्र आजही जिथल्या तिथे आहेत.

याला दीड तास द्या. घंटेच्या मनोऱ्यावर चढायची हौस नसेल तर सोडा.

सांतो तोमेमध्ये एकच चित्र आहे, त्यासाठी तिकीट काढायचं?

काढायचं. दिवसभरात एकच जागा निवडायची झाली तर मी हीच निवडीन.

चित्राचं नाव 'ओर्गाथच्या सरदाराचं दफन'. क्रीट बेटावर १५४१ साली जन्मलेला दोमेनिकोस थेओतोकोपुलोस १५७७ मध्ये तोलेदोला आला, लोकांना त्याचं नाव उच्चारता येईना म्हणून नुसता 'ग्रेको', म्हणजे ग्रीक झाला, आणि १६१४ मध्ये इथेच वारला. हे चित्र त्याने १५८६ ते १५८८ या काळात रंगवलं. उंची जवळजवळ पाच मीटर.

गोष्ट अशी. ओर्गाथ गावचा सरदार १३२३ साली वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की गावकऱ्यांनी या चर्चला दर वर्षी दोन मेंढे, सोळा कोंबड्या, दारूच्या दोन पखाली, दोन ओझी सरपण आणि ८०० माराबेदी (तेव्हाची नाणी) द्यावेत. दोनशे वर्षांनी गावकऱ्यांना वाटलं, आता कोण विचारतंय? देणं बंद. चर्चच्या पाद्रीने १५६४ मध्ये दावा लावला आणि जिंकला. आणि पुन्हा कुणी विसरू नये म्हणून हे चित्र काढवून घेतलं! वर्षासनाच्या थकबाकीतून जन्मलेली ही थोर कलाकृती आहे, हे कळल्यावर माझ्या एका वकील काकांना स्पेनबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

आता जवळ जा. खालच्या अर्ध्या भागात दोन संत स्वतः येऊन सरदाराला थडग्यात ठेवतायत, आणि खरंखुरं थडगं तुमच्या समोर, चित्राच्या बरोबर खाली आहे. तरुण संताच्या जरीच्या झग्यावर आणखी एक चित्र आहे: त्यालाच दगडांनी मारतानाचं. मागे गावातल्या प्रतिष्ठितांची रांग, पांढऱ्या चुणीदार कॉलरांवर ठेवल्यासारखी डोकी. वर मधोमध एक देवदूत धुक्यासारखं तान्हं बाळ अलगद वर सरकवतोय, तो सरदाराचा आत्मा. डावीकडे पुढे उभा असलेला मुलगा म्हणजे ग्रेकोचा पोरगा. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर बापाची ग्रीक लिपीतली सही आणि १५७८, म्हणजे पोराचं जन्मसाल.

फोटो काढू देत नाहीत. बरंच आहे, लोक बघतात तरी.

'तीन संस्कृतींचं शहर' म्हणतात. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती खरंच गुण्यागोविंदाने नांदत होते?

फलकावर तसं लिहिलेलं असतं. भिंती जरा वेगळं सांगतात.

सांता मारिया ला ब्लांका बघा. साधारण ११८० च्या सुमाराची वास्तू. ज्यूंसाठी, ख्रिस्ती राजाच्या राज्यात, मुसलमानी धाटणीने बांधलेलं प्रार्थनास्थळ. पांढऱ्याशुभ्र नालाकृती कमानींच्या ओळीमागून ओळी. आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. इतकं वाचून सलोख्याची खात्रीच पटते. पण नावाकडे लक्ष द्या, सिनेगॉगला 'सांता मारिया' कसं? कारण पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते ज्यूंकडून काढून चर्च केलं. त्याआधी १३९१ मध्ये स्पेनभर ज्यूंच्या कत्तली झाल्या होत्या, तोलेदोतही. १४४९ मध्ये याच शहराने नियम काढला की बाटलेल्या ज्यूंच्या वंशजांना सरकारी पद नाही. आणि १४९२ मध्ये उरलेल्यांना देशाबाहेर काढलं.

दुसरं सिनेगॉग, त्रान्सितो, राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यावर बांधलं. वरच्या लाकडी छताखाली हिब्रू अक्षरांची पट्टी धावते आणि गिलाव्याच्या नक्षीत अरबी अक्षरंही आहेत. पुढे त्याच राजाने हा-लेवीला छळ करून मारलं.

म्हणजे सलोखा खोटा का? नाही. १०८५ मध्ये अल्फोन्सो सहाव्याने शहर घेतलं, त्यानंतर कितीतरी पिढ्या तिघं एकमेकांचे कारागीर, वैद्य, शेजारी होते. नांदणं होतं, गुण्यागोविंदाने मात्र नेहमीच नाही.

क्रिस्तो दे ला लूथ ही मशीद वाकडी वाट करून बघा. आठ बाय आठ मीटरची चिमुकली खोली, नऊ छोटे घुमट, आणि नऊही घुमटांच्या आतल्या कमानींची गुंफण वेगवेगळी. मान मोडेपर्यंत वर बघावं. बाहेरच्या भिंतीवर विटांच्याच अक्षरांत अरबी लेख आहे.

या सगळ्याचा आपल्याशी, भारताशी काही संबंध?

आहे, आणि फलकावर तो क्वचितच सापडतो.

बाराव्या शतकात युरोपभरचे विद्वान तोलेदोला यायचे, कारण इथे अरबी ग्रंथ होते आणि ते वाचू शकणारी माणसंही. काही वेळा काम जोडीने चाले: एक जण अरबी वाचून स्थानिक बोलीत सांगायचा, दुसरा ते लॅटिनमध्ये उतरवायचा. इटलीतल्या क्रेमोना गावचा जेरार्द, टॉलेमी या प्राचीन खगोलशास्त्रज्ञाच्या एका ग्रंथासाठी आला, ११७५ मध्ये त्याचं भाषांतर पूर्ण केलं आणि जन्मभर इथेच राहून सत्तरएक पुस्तकं लॅटिनमध्ये नेली.

शाळेतलं 'साइन' आठवतं? संस्कृतमधल्या 'जीवा'चं, म्हणजे धनुष्याच्या दोरीचं, अरबीत 'जीबा' झालं. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात आणि 'जीबा' हा शब्द तर अनोळखीच, म्हणून वाचणाऱ्यांनी तो ओळखीचा 'जैब' समजून वाचला. कपड्याची घडी, छातीपाशी पडणारा झोळ. आपण 'जेब' म्हणतो ना, तोच हा शब्द. मग लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर 'सिनुस', आणि त्याचं साइन. धनुष्याच्या दोरीचा खिसा झाला, तो असा.

दुसरी गोष्ट त्याहून गोड. १२२१ साली तोलेदोत जन्मलेल्या अल्फोन्सो दहाव्याने, राजा व्हायच्या आदल्या वर्षी, १२५१ मध्ये एका अरबी पुस्तकाचं कास्तेलियन, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिशमध्ये, भाषांतर करवून घेतलं. नाव 'कालीला ए दिम्ना'. कालीला म्हणजे करटक, दिम्ना म्हणजे दमनक. आपलं पंचतंत्र! संस्कृतातून पहलवी (जुनी फारसी), पहलवीतून अरबी आणि अरबीतून थेट स्पॅनिश गद्याच्या बाल्यावस्थेत. बरोबर लहान मुलं असतील तर सिंह, बैल आणि त्या दोन कोल्ह्यांची गोष्ट गल्लीतून चालता चालता सांगा. चढ संपतो.

शाकाहारी जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण 'व्हेजिटेरियन' या एका शब्दावर विसंबू नका. इथल्या कित्येकांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हे, चवीपुरतं घातलेलं काहीतरी. साध्या सॅलडवर ट्यूना मासा येतो. म्हणून स्पष्ट सांगा: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून', म्हणजे मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. पिस्तो मागवा. टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी मंद आचेवर आटवलेली भाजी. वर अंडं घालतात, नको असेल तर आधी सांगा. बरोबर मान्चेगो चीज आणि पाव. तोर्तिया म्हणजे आपली पोळी नव्हे, बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट.

मांसाहाऱ्यांनी 'कार्कामुसास' खावं. टोमॅटो-मटार घातलेला डुकराच्या मांसाचा रस्सा, पावाबरोबर. तित्तिर पक्ष्याचं 'पेर्दिथ'ही इथली खासियत.

स्वयंपाकघरं दुपारी दीड-दोन ते चार. पाच वाजता भूक लागली तर कॉफी आणि केकच.

मार्झिपान विकत घ्यावं का?

घ्या. इथे त्याला 'माथापान' म्हणतात. तोलेदोच्या नावाने विकायचं तर त्यात निम्म्याहून कमी बदाम चालत नाहीत, तसा नियमच आहे. गोव्यातलं नाताळचं काजूचं मार्झिपान खाल्लं असेल तर नातं लगेच ओळखू येईल, मात्र बदामाचा वास जास्त आणि गोडी जरा कमी टोचणारी. भाजलेल्या तुकड्यांवर अंड्याचा हात फिरवलेला असतो, कट्टर शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं.

दुकानापेक्षा मठातून घ्यायला मजा येते. एकांतात राहणाऱ्या नन समोर येत नाहीत. भिंतीत लाकडी फिरतं कपाट असतं, त्याला 'तोर्नो' म्हणतात. पलीकडून आवाज येतो, तुम्ही सांगायचं, पैसे ठेवायचे, कपाट गरकन फिरतं आणि डबा तुमच्या पुढ्यात. माझी मावशी तिथे सवयीने 'जरा कमी करा ना' म्हणाली, मराठीतच. पलीकडे शांतता.

तलवार भारतात आणता येते का?

तोलेदोची पाती जगभर नावाजलेली. आपल्याकडची 'फिरंग' तलवारही परदेशी पात्याला देशी मूठ लावून बनायची, त्यामुळे मराठी माणूस दुकानासमोर थबकतोच. पण हातातल्या बॅगेत ती नेता येत नाही, मोठ्या पात्यावरून आपल्या विमानतळावर प्रश्न उपस्थित होतात, आणि दुकानातल्या बहुतेक तलवारी शोभेच्याच. पत्र फोडायची छोटी सुरी घ्या आणि सुटा. तीही मोठ्या सामानात.

त्यापेक्षा 'दामास्किनादो' बघा. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडतात, त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात, मग पोलाद काळं करतात. आपल्या कोफ्तगिरीचं तंत्र हेच. गंमत ही की स्वस्त माल यंत्रावर छापलेला असतो. एका दुकानातून मी 'हाताचं काम' म्हणून घेतलेल्या पदकाचं सोनं दिवाळीपर्यंत उडालं. कारागीर समोर बसून ठोकत असेल तिथेच घ्या. अस्सल कामात रेघ कुठेतरी किंचित थरथरलेली दिसते.

अल्काथार?

बाहेरून बघा. आत लष्करी संग्रहालय आहे, १९३६ च्या यादवी युद्धातल्या वेढ्यात रस असेल तरच. त्यालाच अर्धा दिवस लागतो.

रस्ता चुकला तर?

चुकणारच. फोनवरचा नकाशा उंच भिंतींमध्ये गोंधळतो. फरसबंदीत छोट्या निळ्या-पांढऱ्या फरशा दिसल्या, सात फांद्यांची समई किंवा हिब्रू अक्षरं असलेल्या, की तुम्ही ज्यू मोहल्ल्यात आहात. मुलांना त्या मोजायला लावा.

ते पोस्टकार्डवालं दृश्य कुठून दिसतं? आणि परत कधी निघावं?

नदीपलीकडच्या मिरादोर देल बाये या कठड्यावरून. सान मार्तीन पुलापाशी खाली उतरलात की तिथून टॅक्सी करा, दहा मिनिटांची बाब. ग्रेकोने रंगवलेलं वादळी आभाळाखालचं तोलेदो बघायला मात्र न्यूयॉर्क गाठावं लागतं.

परतीचं तिकीट पाचचं काढू नका, एवढी एक विनंती. साडेपाच-सहाला सहलीच्या बसेस निघून जातात आणि शहर तासाभरात मोकळं होतं. शटर खाली, गल्लीत कुणाच्या तरी खिडकीतून बातम्यांचा आवाज, आजी कुत्र्याला फिरवायला बाहेर. शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, तिच्या आधीची गाडी पकडा, आणि स्टेशनकडे जाताना अल्कान्तारा पुलावरून पायी जा. उतारच आहे, आईलाही जमेल.